मांजर आहे का घरी?

डॉक्टरांनी खिडकीचा पडदा ओढला, ट्यूबलाइट बंद केली आणि म्हणाले, "जरा थांबू. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे." टेबलावर आमची माऊ, अडीच महिन्यांची, माझ्या तळव्यांत अंग चोरून बसलेली. मग त्यांनी वूड्स लॅम्प तिच्या कानावर धरला. जांभळट उजेडात आधी पांढुरके ठिपके चमकले. "ही धूळ, कापडाचे धागे." दिवा मिशांच्या मुळाशी सरकला आणि तिथले पाच-सहा केस काजव्यासारखे हिरवे उजळले. "इथं बघा. केसच चमकतोय, अगदी मुळापासून. हे गजकर्ण."

माझ्या लेकीच्या हातावर, जिथं माऊ डोकं ठेवून झोपायची नेमकं तिथं, दोन महिने लाल गोल चट्टे होते. दोन दवाखाने झाले, तीन मलमं झाली. मलम लावलं की लाली ओसरायची, खाज थांबायची, आणि आठवड्याभरात चट्ट्याची कड पुढं सरकलेली असायची. त्या मलमांत स्टेरॉइड होतं. ते दाह दाबतं आणि बुरशीला रान मोकळं करून देतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या दोन महिन्यांत घरी मांजर आहे का, असं मला एकानंही विचारलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र माऊला हात लावायच्या आधी माझ्या मनगटाकडं पाहिलं आणि विचारलं, "घरात कुणाला चट्टे?" त्या न विचारलेल्या प्रश्नाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून त्या पावसाळ्यात, परवानगी घेऊन, साताऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मी बऱ्याच सकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

दिव्याखाली चमकलं नाही म्हणजे गजकर्ण नाही, असं डॉक्टर धरत नाहीत. या बुरशीचं प्रत्येक वाण चमकत नाही. मग ते चट्ट्याच्या कडेचे केस चिमट्यानं उपटून कागदी पाकिटात घालतात आणि तपासणीला पाठवतात. औषधाच्या चिठ्ठीचा निम्मा भाग घराबद्दलच असतो. गळलेल्या केसांवर ही बुरशी वर्षभरही तग धरते, त्यामुळं गाद्या, सोफा, कंगवा, सगळंच साफ करावं लागतं.

कुत्र्याचं पिल्लू आलं की ते आधी तराजूत बसतं, कारण जंताचं औषध वजनावर. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असलं की डॉक्टर बोटांनीच ओळखतात. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांच्या वयातच द्यायचा. लोक आणतात दोन-अडीच महिन्यांनी. "अंगणात शी करतं का? त्याच दिवशी उचलता का?" हे ते प्रत्येकाला विचारतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे मुरली की ती घातक होतात, आणि तोवर पोरं त्याच मातीत खेळत असतात. पोटात गेलेल्या अळ्या डोळ्यापर्यंतही पोचू शकतात.

एकदा एक गरोदर ताई आल्या, सोबत सासूबाई आणि पिशवीत मांजर. मांजर कुठंतरी सोडून द्यायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी बराच वेळ दिला. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भाला इजा करू शकतो, हे त्यांनी लपवलं नाही. पण मांजराच्या विष्ठेतून तो पडतो तो बहुधा पहिल्या लागणीनंतरचे एक-दोन आठवडे, आणि पडल्यावर बाधायला किमान एक दिवस लागतो. "ट्रे रोजच्या रोज साफ करा, पण ताई, तुम्ही नाही, दुसऱ्या कुणीतरी. मटण नीट शिजवा. भाजी धुऊन घ्या. माती कालवायची तर हातमोजे घाला." सासूबाई म्हणाल्या, "ट्रे मी बघते." मांजर पिशवीतून परत घरी गेलं.

आणि मग ती श्रावणातली सकाळ. एक गृहस्थ चार महिन्यांचं पिल्लू घेऊन आले. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. "घशात हाड अडकलंय, काल बोट घालून बघितलं, सापडेना," म्हणत त्यांनी पुन्हा तोंडाकडं हात नेला.

"दादा, हात मागे."

डॉक्टरांचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पिल्लू पिंजऱ्यात गेलं. लस? नव्हती, रस्त्यावरून उचललेलं. रेबीज नेहमी पिसाळून चावा घेत नाही. कधी असा गप्पपणे येतो, जबडा लुळा पाडून, आणि माणसाला वाटतं हाड अडकलंय. दादांच्या बोटावर दाताचा ओरखडा होता, रक्त आलेलं, वर हळद लावलेली. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण त्याआधी वेळ असतो.

दादांना बेसिनशी उभं केलं. साबण, वाहता नळ, पंधरा मिनिटं. डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहिले. "इथून थेट सरकारी दवाखान्यात जायचं. रक्त आलंय, म्हणजे जखमेतही इंजेक्शन लागणार, नुसती लस पुरणार नाही." सोबत आलेले दादांचे वडील घाबरून म्हणाले, "पोटात चौदा?" मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस 2004 अखेर आपल्याकडं बंद झाली. आता दंडावर घेतात. कातडीत टोचायची असेल तर आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टरांनी ते एकेक करून सांगितलं, वडिलांनी बोटांवर मोजलं.

"लक्षणं दिसायच्या आधीपासूनच लाळेत विषाणू असतो. गेल्या दहा दिवसांत पिल्लानं आणखी कुणाला चाटलंय? कुणाला जखम?"

दादांनी घरातली चार नावं सांगितली. मग थांबले. हात नळाखाली तसेच. "शेजारची पोर. खेळायला येते. परवा पडली होती, गुडघा सोललाय... पिल्लू तिथंच चाटत होतं."

"तिच्या आईचा नंबर आहे? हात काढू नका, अजून सहा मिनिटं."

मी त्यांच्या खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या कानाशी धरून उभी राहिले.