लांबोटीची शर्यत आणि वारा

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होतो. १५ ऑगस्टला सोलापुरात साध्या, म्हणजे बिनगिअरच्या सायकलींची एक शर्यत होती. पुणे रस्त्याने लांबोटीपर्यंत जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे. अंतर सुमारे ४० किलोमीटर. रोज कॉलेजला सायकलनेच जात असल्यामुळे मला ते किरकोळ वाटले. वडिलांच्या काळ्या सायकलीचे कॅरिअर व स्टँड काढून ठेवले, साखळीला तेल दिले आणि हँडलला एक कागदी झेंडा लावला. झाली तयारी!

बाळे गाव मागे पडेपर्यंत आम्ही सर्व घोळक्याने चाललो होतो. मग मी जोर मारून पुढे निघालो. मागे पाहिले तर सहा-सात जण माझ्या चाकाला चिकटून येत होते. मनात म्हटले, या सर्वांना आपणच ओढून नेत आहोत. कोंडी येईतो मात्र माझ्या मांड्या भरून आल्या. तेवढ्यात एक दूध घालणारा पोरगा शेजारी येऊन हसत म्हणाला, "दादा, वारं तुमी कापालाव, आमी निवांत यायलोय मागनं!" आणि पाकणीच्या अलीकडे ते सर्वजण मला सोडून पुढे निघून गेले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या पोराला पदार्थविज्ञान शिकवावे लागले नव्हते. तो रोज याच रस्त्याने, याच वाऱ्यात सायकल मारीत होता.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. समजा, तुम्ही वेग दुप्पट केला. आता दर सेकंदाला दुप्पट हवा तुमच्यावर आदळते, शिवाय ती दुप्पट वेगाने आदळते. म्हणून हवेचा विरोध चौपट होतो. विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तो असा. पण इथे वेग म्हणजे रस्त्याच्या संदर्भातला नव्हे, हवेच्या संदर्भातला.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि लांबोटीला जाताना तो जवळजवळ समोरून येतो. तो ताशी १५ किलोमीटर धरू. ताशी २५ च्या वेगाने जाणाऱ्याला हवा ४० च्या वेगाने भेटते. ४० चा वर्ग १६००, २५ चा ६२५. म्हणजे विरोध अडीचपटीहून अधिक! वेग तोच ठेवायचा तर पायांनीही तितकीच जास्त शक्ती पुरवायला हवी.

"परतताना तोच वारा पाठीशी असणार, मग फिटंफाट होईल," असे मला वाटले होते. तुम्हालाही वाटत असेल तर हिशेब करा. शक्ती म्हणजे विरोध गुणिले रस्त्यावरचा वेग. टायरचे घर्षण सोडून देऊ. वारा पडलेला असताना ताशी २५ ने जाणारा गडी तेवढीच शक्ती लावून वाऱ्याविरुद्ध सुमारे १६ ने जाईल आणि वाऱ्याबरोबर सुमारे ३६ ने. (२५×२५×२५, १६×३१×३१ आणि ३६×२१×२१ हे गुणाकार करून पाहा; उत्तरे जवळजवळ सारखी येतात.) १६ आणि ३६ यांची सरासरी २६ येते, म्हणजे फायदाच दिसतो! पण वेळ मोजा. जाताना ७५ मिनिटे, येताना ३३, एकूण १०८. वारा नसता तर ९६ मिनिटांत काम झाले असते. गोम अशी की, संथ वेगात आपण जास्त वेळ अडकून पडतो.

आता दूधवाल्याची युक्ती. पुढच्या स्वाराने बाजूला सारलेली हवा त्याच्या पाठीमागे लगेच मिटत नाही. तिथे आडोसा तयार होतो. अगदी जवळ राहिले तर मागच्याचा हवेचा विरोध सुमारे एक तृतीयांशाने कमी होऊ शकतो. मोठ्या घोळक्यात तर नवल घडते. नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या संशोधकांनी १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. आत, मागच्या बाजूला असलेल्या स्वारांना एकट्या स्वाराच्या मानाने जेमतेम ५ ते १० टक्के विरोध होतो, असे त्यात आढळले. (पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक घासले तर पडतो तो आपणच. तेव्हा हा प्रयोग रहदारीच्या रस्त्यावर करू नका.)

घाटात ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे वेग कमी, म्हणून हवेचा विरोधही कमी. सगळे भांडण स्वतःच्या वजनाशी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तो मान कुणाच्या आडोशाने मिळत नाही.

लांबोटीच्या पुलाजवळून मी वळलो तेव्हा एकटाच होतो. पायांत त्राण नव्हते. ताशी पंधरा-सोळाच्या वेगाने सायकल रेटत होतो. कोंडीजवळ सहज हँडलकडे लक्ष गेले. जाताना फडफडून माझ्या मुठीवर आपटणारा तो कागदी झेंडा आता अगदी सरळ, निश्चल लोंबत होता. कानांतला घोंघावही थांबला होता. बाजूच्या शेतातली ज्वारीची ताटे मात्र वाऱ्याने पार वाकली होती. मी नेमका वाऱ्याच्याच वेगाने चाललो होतो!