आधीं खिडकी, मग यंत्र

गेल्या उन्हाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. बाजारपेठेंत त्याचें कापडाचें दुकान आहे. जागा भाड्याची, तोंड पश्चिमेस, आणि दर्शनी बाजू सबंध कांचेची. दोन वातानुकूलन यंत्रें असूनही दुपारीं तीन वाजल्यानंतर दुकानांत गिऱ्हाईक टिकत नाहीं, तेव्हां कर्ज काढून तिसरें यंत्र घ्यावें कीं काय, असा त्याचा प्रश्न होता. "सर, उष्णतेचा धडा तुम्हींच शिकविला होता, आतां तुम्हींच सांगा," असें तो म्हणाला. परीक्षा देण्याची पाळी आमच्यावर आली! त्यास आम्ही जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें देत आहों. कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण उद्यां कोठल्या ना कोठल्या दुकानांत, बँकेंत किंवा कचेरींत दिवसाचे आठ तास काढणार आहेत.

ह्याच प्रश्नाचें उत्तर न्यूयॉर्क शहरांतील एका प्रचंड इमारतीनें फार स्पष्टपणें दिलें आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १०२ मजल्यांची इमारत १९३१ सालीं उघडली. तिच्यांत बहुतेक भाडेकऱ्यांच्या कचेऱ्या आहेत. २००९ सालीं तिच्या सुधारणेची मोठी योजना जाहीर झाली. इमारत थंड ठेवणारीं शीतयंत्रें जुनीं झालीं होतीं; तीं काढून अधिक शक्तीचीं बसवावीं, हा पहिला बेत होता. परंतु तज्ज्ञांनीं आधीं निराळाच प्रश्न विचारला: मुळांत एवढी थंडी लागते कां?

ह्या प्रश्नानें त्यांस खिडक्यांपाशीं नेलें. इमारतीस ६,५१४ खिडक्या. प्रत्येकीस दुहेरी कांच. त्या फेकून नव्या आणणें सोपें होतें. तसें न करितां इमारतीच्याच पांचव्या मजल्यावर एक कारखाना थाटण्यांत आला. कांचा तेथें आणावयाच्या, सुट्या करून स्वच्छ करावयाच्या, दोहोंच्या मध्यें एक पातळ, पारदर्शक, विशिष्ट लेप दिलेला पापुद्रा ताणून बसवावयाचा, पोकळींत आर्गॉन व क्रिप्टॉन हे वायु भरावयाचे, आणि कडा बंद करून तीच खिडकी पुन्हां जागेवर लावावयाची. हे वायु हवेपेक्षां जड असून त्यांतून उष्णता सावकाश जाते. पापुद्रा उजेडास वाट देतो, परंतु उष्णतेच्या अदृश्य किरणांस मागें फिरवितो. त्यामुळें हिंवाळ्यांत आंतली ऊब आंत राहते आणि उन्हाळ्यांत बाहेरचा ताप बाहेर. जुनी कांच जवळजवळ सर्व पुन्हां उपयोगास आली.

सर्व उपाय मिळून विजेच्या व इंधनाच्या खर्चांत ३८ टक्के बचत होईल असा अंदाज होता. त्यांत खिडक्यांचा सरळ वाटा अवघा ५ टक्के. नियंत्रणाच्या स्वयंचलित व्यवस्थेचा ९ टक्के. मग खिडक्यांचें एवढें कौतुक कशास? तर खिडक्या, दिवे वगैरे सुधारल्यामुळें थंडाव्याची गरज सुमारे एक तृतीयांशानें उतरली. म्हणून शीतयंत्रें वाढविण्याची गरजच उरली नाहीं; जुन्यांच्याच कवचांत नवे भाग बसवून काम भागलें, आणि सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर वांचले. हा लाभ खिडकीच्या खात्यावर दिसत नाहीं, पण तो मिळाला खिडकीमुळेंच. आधीं यंत्रें घेतलीं असतीं तर हे पैसे कायमचे गेले असते. ऊर्जेच्या उपायांचा अतिरिक्त खर्च १ कोटी ३२ लाख डॉलर व वार्षिक बचतीचा अंदाज ४४ लाख, म्हणजे तीन वर्षांत खर्च भरून निघण्याचा हिशेब होता.

न्यूयॉर्कास बर्फ पडतें. तेथें खोल्या तापविणाऱ्या रेडिएटरांच्या मागेंही उष्णता परतविणारे पडदे बसविले. आपल्याकडे त्यांचें कांहीं काम नाहीं. आपले शत्रु दोन, ऊन आणि दिवे. क्रम मात्र तोच.

दिव्यांचा हिशेब आम्ही त्या दुकानदारासमोर कागदावर मांडला. त्याच्या दुकानांत जुन्या पद्धतीच्या चाळीस नळ्या होत्या. चोकसह एकीस सुमारे ५० वॅट, म्हणजे एकूण २,००० वॅट. आणि ही सारी वीज शेवटीं उष्णताच होऊन खोलींत राहते. त्याच उजेडाच्या एल.ई.डी. नळ्यांस एकीस २० वॅट धरले तर ८०० वॅट. वांचले १,२००. आतां वातानुकूलनाचा 'टन' म्हणजे यंत्राचें वजन नव्हे, जरी दुकानांत पुष्कळांची तशी समजूत दिसते. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी बाहेर काढण्याची ती शक्ति. ती सुमारे ३,५०० वॅट भरते. अर्थात् नुसत्या नळ्या बदलल्यानें एक तृतीयांश टनाचें ओझें उतरतें. जुन्या दिव्याचें बिल आपण दोनदां भरीत असतों: एकदां तो लावण्यासाठीं, एकदां त्याची उष्णता बाहेर काढण्यासाठीं.

उन्हाचें गणित अधिक अवघड. ऊन कांचेंतून आंत येतें, कापडाच्या ताग्यांवर मुरतें आणि उष्णता होऊन कोंडतें. आंतून जाड पडदा लावला तर तो पडदाच तापतो. शत्रु दारांतून आंत आल्यावर त्यास अडवून काय उपयोग? सावली कांचेच्या बाहेर हवी. दक्षिणेच्या खिडकीस छज्जा पुरतो, परंतु पश्चिमेचें ऊन तिरपें व सखल येत असल्यामुळें तें छज्जाखालून सरळ आंत शिरतें. तेथें बाहेरून उभा आडोसा किंवा बांबूचा चीक सोडावा लागतो. चीक सोडला कीं मांडलेल्या साड्या रस्त्यावरून दिसत नाहींत, ही दुकानदाराची अडचण आम्हांस मान्य करावी लागली.

मग पंखे. नेहमींचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या धर्तीचा बी.एल.डी.सी. पंखा तीस-पस्तीस. वारा अंगावर खेळत असला म्हणजे २६ अंशांतही बरें वाटतें. आमच्या विद्यार्थ्यानें यंत्र १८ वर ठेविलें होतें, आणि दार सताड उघडें! भारत सरकारच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या सांगण्याप्रमाणें एकेका अंशामागें सुमारे सहा टक्के वीज वांचते. १ जानेवारी २०२० पासून खोलीचीं नवीं यंत्रें सुरू होतांना २४ अंशांवरच लागावीं, असा नियमही झाला आहे.

दुकान सुधारावयाचें म्हणजे कपाटें व गल्ले मोडून नवे करावयाचे, अशीही एक हौस दिसते. आमच्या विद्यार्थ्याच्या दुकानांतील सागवानी फडताळें त्याच्या वडिलांच्या वेळचीं आहेत. तीं काढून प्लायवुडचीं करण्याचा बेत त्यानें सोडला, ह्याचें आम्हांस दिव्यांच्या बचतीहूनही अधिक समाधान वाटलें.

एक प्रश्न मात्र कागदावर सुटला नाहीं. भाड्याच्या जागेंत सुधारणा करावी कोणीं? भिंत व दर्शनी बाजू मालकाची, बिल भाडेकऱ्याचें. खर्च करणारास लाभ नाहीं, आणि लाभ होणारास हात लावण्याची मुभा नाहीं. एम्पायर स्टेटमध्येंही अंदाजलेल्या बचतीपैकीं अर्ध्याहून अधिक भाडेकऱ्यांच्या जागांतून यावयाची होती. म्हणून प्रत्येकास आपला खप आपल्या डोळ्यांनीं दिसावा अशी तजवीज तेथें करावी लागली. आमच्या विद्यार्थ्यानें नळ्या बदलल्या, दारास आपोआप मिटणारी कमान बसविली, यंत्र २५ वर आणलें. तिसऱ्या यंत्राचा अर्ज त्यानें बँकेकडून परत घेतला आहे. चिकासाठीं बाहेर लोखंडी पट्टी ठोकावयाची आहे. तिला जागेच्या मालकाची परवानगी अद्याप मिळालेली नाहीं, आणि उन्हाळा पुन्हां जवळ येत आहे.