सवयीचे मोठेपण

जन्माने लाभलेले मोठेपण ज्याच्या अंगी असते त्यास ते सहसा दिसत नाही. ज्याच्यावर त्याचा भार पडतो त्यास मात्र ते दिवसातून दहा वेळा दिसते. पालखी कोणत्या चढणीवर जड होते हे भोयांस ठाऊक असते. आत बसलेल्यास ते ठाऊक असण्याचे कारण नाही. अमेरिकेत व दक्षिण आफ्रिकेत हे मोठेपण कातडीच्या रंगावरून ठरत आले. आपल्याकडे ते कुळावरून, जातीवरून आणि घर गावाच्या कोणत्या अंगास आहे यावरून ठरत आले. हे मोठेपण अंगातून काढावयाचे कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुका हे या विषयाचे ठळक उदाहरण होय. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्ये काळी कसदार जमीन, असा हा मुलूख. कळसाडी गाव याच मुलखात येते. या भागात भिल्लांची वस्ती पूर्वापार मोठी. परंतु कर्ज, सावकारी दस्तऐवज व अंगठ्याचा ठसा या मार्गांनी पुष्कळ जमीन त्यांच्या हातून गेली, आणि मूळचे कसणारे दुसऱ्याच्या शेतात राबू लागले. ज्यांच्याकडे जमीन आली ते गुजर, पाटील इत्यादी शेतकरी आळशी नव्हते; त्यांनी विहिरी खोदल्या, ऊस-कापूस पिकविला, हे नाकारून चालणार नाही. मात्र त्या पिकामागे सालदाराचे कष्ट होते, आणि हिशेबात ते फार थोडे धरले जात.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने बांधलेला गडी. खानदेशात ही बोली आखाजीस होते आणि पुढच्या आखाजीस फिटते. मधल्या काळात त्याची वेळ मालकाची. आगाऊ उचल घेतलेली असल्यामुळे एक साल फिटण्यापूर्वीच दुसरे गळ्यात पडे. याहून सूक्ष्म गोष्ट बोलण्याची आहे. सालदार वयाने वडील असला तरी मालकाच्या घरातील पोराने त्यास एकेरी हाक मारावी आणि त्याने मान खाली घालून 'जी' म्हणावे, यात त्या पोरास काही वावगे वाटत नसे. त्यास कोणी उद्धटपणा शिकविला नव्हता. घरात जे ऐकले तेच तो बोलत होता. सवयीचे मोठेपण मुरते ते असे.

या एका शब्दाचे मोल भिल्लांनी फार पूर्वी ओळखले होते. १९३८ साली तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी आरतीची चळवळ सुरू केली. दारू सोडावी, स्वच्छ राहावे, हा उपदेश तर तीत होताच. पण अनुयायांनी एकमेकांस 'आप की जय' असे अभिवादन करावे, ही तीतील खरी कल्पक गोष्ट होय. ज्यांना जन्मभर 'अरे' ऐकावे लागले त्यांनी परस्परांस 'आप' म्हणू लागणे, ही लहान सुधारणा नव्हे.

पुढे १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे भिल्लांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि या भागातील अन्याय महाराष्ट्रभर माहीत झाला. अंबरसिंग सुरतवंती हे स्वतः भिल्ल. भजने म्हणत, गावोगाव हिंडत त्यांनी आपल्या लोकांना आधीपासून जागे करण्यास आरंभ केला होता. ३० जानेवारी १९७२ रोजी शहादे येथे भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तीत शहरांतून आलेले सुशिक्षित तरुण होते, मुंबईच्या आय. आय. टी.तून अभियंता झालेले कुमार शिराळकर त्यांपैकीच. २०२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आदिवासी व शेतमजूर यांच्यातील काम सोडले नाही.

येथे प्रश्न अवघड होतो. मालकाचा माज ओळखणे सोपे आहे. परंतु जो गरिबांच्या बाजूने उभा राहतो, मार खातो, तुरुंगात जातो, त्याच्याही अंगी जन्माचे मोठेपण असू शकते काय? असू शकते, आणि सद्भावनेच्या पांघरुणाखाली असल्यामुळे ते अधिक काळ टिकते. त्यास अर्ज लिहिता येतो, कायद्याचे कलम ठाऊक असते, मामलेदारासमोर त्याची जीभ अडखळत नाही. म्हणून सभेत तोच बोलतो. बाकीचे ऐकतात. हळूहळू ज्यांचे दुःख आहे ते श्रोते होतात आणि ज्याने ते दुःख ऐकून जाणले तो वक्ता होतो.

हे कोणी बाहेरच्या टीकाकाराने दाखविलेले नाही. याच संघटनेत १९७२ पासून वावरलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' नावाच्या कवितेत व्यासपीठावरील आणि व्यासपीठाखालील माणसांमधले हे अंतर मांडले. आपलेच दुःख दुसऱ्याच्या तोंडून ऐकत खाली बसावे लागणे, हा तिचा विषय. ती वाचून ज्या कार्यकर्त्यास राग येईल त्याने आपला राग जरा तपासून पाहावा. उपकाराची फेड म्हणून गप्प राहण्याची अपेक्षा, ही सालदाराच्या उचलीहून फार निराळी नाही.

असाच अनुभव अमेरिकेत आला. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात काळ्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी यासाठी सुमारे एक हजार स्वयंसेवक गेले. त्यांत बहुसंख्य गोरे विद्यार्थी होते. ते धाडसी होते यात शंका नाही. त्या कामी काहींचे प्राणही गेले. पण टंकलेखन, पत्रव्यवहार, वार्ताहरांशी बोलणे, यांत त्यांचा हात चपळ चाले, आणि जी कामे स्थानिक काळी माणसे सावकाश का होईना शिकत होती ती त्यांच्या हातून निसटू लागली. ज्या समितीने हे काम चालविले होते तीत १९६६ साली असे मत बळावले, की गोऱ्यांनी आता गोऱ्यांच्याच वस्तीत जाऊन तेथील वर्णद्वेष घालवावा. पुष्कळांना हे कृतघ्नपणाचे वाटले. विचार केला असता त्यात तथ्य दिसते. भिलाटीत जाऊन भाषण करण्यापेक्षा आपल्याच ओसरीवर बसलेल्या काकांना 'त्या गड्यास अहो म्हणा' असे सांगणे कितीतरी कठीण असते.

मग शिकलेल्याने दूर राहावे काय? तसे नव्हे. १९७३ च्या सुमारास शहाद्यात स्त्रियांची शिबिरे झाली. तेथे आदिवासी स्त्रियांनी दारू व नवऱ्याची मारहाण हे प्रश्न स्वतः पुढे आणले. मजुरीच्या लढ्यात ते कोणी प्रथम लिहिले नव्हते. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. उठून गावात गेल्या आणि दारूची मडकी फोडली. शिकलेल्यांचे काम तेथे एवढेच होते, की बसण्यास जागा करावी, ऐकावे आणि त्यांच्या मागून चालावे. बोलण्यास सोकावलेल्या माणसास हे शिक्षण जड जाते. भिली बोली शिकणे हा त्यातील पहिला धडा. कारण परक्या बोलीत अडखळणारा माणूस आपोआप नम्र होतो, आणि कोणी हसले तर ते निमूटपणे सोसतो.

कायद्याने काही गोष्टी केल्या आहेत. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी आदिवासींस परत देण्याची तरतूद १९७४ च्या कायद्यात झाली. जमीन परत मिळणे म्हणजे उपकार नव्हे, हिशेबाची दुरुस्ती होय. तरी ज्यास ती परत द्यावी लागते त्यास तो अन्याय वाटतो, कारण बापाच्या वेळेपासून जे ताब्यात आहे ते आपलेच, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्या घरातील शिकलेल्या मुलाने जुना उतारा काढून वडिलांस वाचून दाखवावा. यास धैर्य लागते, आणि त्याबद्दल कोणी हार घालीत नाही.

शहादे तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये तेथील ग्रामसभेस विशेष अधिकार आहेत आणि सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आहे. अशा सभेत खुर्चीवर कोण बसले हे फलकावर दिसते. ज्यास पाहावयाचे असेल त्याने इतिवृत्ताची वही पाहावी: भिलाटीतील बाईने भिलीत सांगितलेली पाण्याची तक्रार तीत तिच्या नावाने उतरली आहे, की 'चर्चा झाली' एवढेच लिहून खाली सह्या घेतल्या आहेत.