मागच्या कव्हरवरची नावं

अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या १९७१च्या रेकॉर्डवर सुरुवातीलाच तंबोरा आणि सेसिल मॅकबीचा बास ऐकू येतो. बासची चाल गोल फिरत राहते, तिच्यावर अ‍ॅलिसच्या हार्पचे सूर ओघळतात, मग फॅरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन येतो. या तिघांवर भरपूर लिहून झालं आहे. तंबोरा कुणी छेडला? मागच्या कव्हरवर ‘तुलसी’ एवढंच नाव आहे. आडनाव नाही. याच रेकॉर्डवर ‘स्टॉपओव्हर बॉम्बे’ नावाची एक छोटी रचनाही आहे. मुंबईकराला तिच्यात मुंबई सापडेलच असं नाही, तंबोरा मात्र सापडेल.

जॅझच्या या शाखेत, म्हणजे स्पिरिच्युअल जॅझमध्ये, शिरायचं तर रेकॉर्ड आधी उलटी करावी. पुढे पिरॅमिड असतात, सूर्य असतो, ध्यानस्थ चेहरा असतो. कामाची माहिती पाठीमागे, बारीक अक्षरांत.

मूळ कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. अ‍ॅलिसचा नवरा जॉन कोल्ट्रेन याने ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची प्रार्थना वाजवली. ‘इंडिया’ ही रचना तो १९६१मध्येच वाजवत होता. रविशंकरांवरून त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं. १९६७मध्ये, अवघ्या चाळिशीत, तो गेला. कृष्णवर्णीयांची चर्चमधली गाणी, नागरी हक्कांची चळवळ, इस्लाम, आफ्रिका, भारत असं सगळं त्याच्या मागे आलेल्यांच्या वाजवण्यात मिसळत गेलं. या संगीताला स्पिरिच्युअल जॅझ हे लेबल सरसकट चिकटलं ते बरंच नंतर, रेकॉर्ड शोधणाऱ्या आणि विकणाऱ्यांकडून.

कोल्ट्रेन पतिपत्नींच्या पाठीशी ‘इम्पल्स’सारखी बड्या घरची कंपनी होती. बाकीच्यांचं काय? त्यांनी स्वतःच कंपन्या काढल्या, आणि त्यांच्या विस्मृतीचं निम्मं कारण इथेच आहे. ट्रम्पेटवादक चार्ल्स टॉलिव्हर आणि पियानोवादक स्टॅन्ली काउएल यांनी १९७१मध्ये न्यूयॉर्कला ‘स्ट्राटा-ईस्ट’ सुरू केली. मास्टर टेपची मालकी वादकाकडे राहील, ही तिथली अट. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने १९७२मध्ये बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवलं आणि तिच्या स्टुडिओवर पोट असलेले वादक मोकळे पडले. त्याच सुमारास वेंडेल हॅरिसन आणि फिल रानेलिन यांनी ‘ट्राइब’ उभी केली. रेकॉर्ड काढायच्या, कार्यक्रम करायचे आणि त्याच नावाचं मासिकही चालवायचं, असा सगळा खटाटोप. ड्रमवादक स्टीव्ह रीडने ‘मुस्टेव्हिक’ नावाने स्वतःचा छापा काढला. मालकी हातात राहिली, पण माल दुकानापर्यंत पोचवणारी माणसं नव्हती. प्रती थोड्या निघायच्या आणि त्यातल्या बऱ्याच कार्यक्रमाच्या दारातच खपायच्या. रेडिओवर वाजल्या नाहीत, म्हणून पुन्हा छापल्या गेल्या नाहीत. हे वादक कमी पडले म्हणून मागे राहिले, असं मला कुठेच वाटलेलं नाही.

होरेस टॅपस्कॉटचं उदाहरण मला सर्वांत मोठं वाटतं. लायनेल हॅम्प्टनच्या नामवंत बँडमधला हा माणूस फिरस्तीला कंटाळला आणि लॉस एंजेलिसमधल्या आपल्या वस्तीतच राहिला. १९६१मध्ये त्याने तिथे वाद्यवृंद उभा केला. पुढे त्याचं नाव झालं पॅन आफ्रिकन पीपल्स आर्केस्ट्रा. चर्चमध्ये, शाळेत, बागेत वाजवायचं, वस्तीतल्या पोरांना शिकवायचं. टॅपस्कॉटची स्वतःची ‘द जायंट इज अवेकन्ड’ ही रेकॉर्ड १९६९मध्ये आली, पण वाद्यवृंदाची पहिली रेकॉर्ड यायला १९७८ साल उजाडलं. तीही टॉम अल्बाक नावाच्या एका चाहत्याने टॅपस्कॉटचं संगीत टिकावं म्हणून ‘निम्बस’ ही कंपनी काढली, तेव्हा. सतरा वर्षं! वाद्यवृंदाची ‘द कॉल’ ही रेकॉर्ड ऐकताना ती जाणवतात. वाद्यं पुष्कळ असली तरी कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. रोज एकत्र बसणाऱ्यांनाच हे जमतं.

ओहायोतल्या अँटिओक कॉलेजमध्ये पियानोवादक सेसिल टेलर शिकवत होता. त्याचे विद्यार्थी इद्रिस अकामूर, मार्गो सिमन्स आणि किमाथी असांते यांनी ‘द पिरॅमिड्स’ हा गट काढला आणि कॉलेजच्याच परदेश-अभ्यासाच्या योजनेतून आफ्रिका गाठली. तिथली वाद्यं घेऊन परतल्यावर ‘लालिबेला’ (१९७३), ‘किंग ऑफ किंग्ज’ (१९७४) आणि ‘बर्थ/स्पीड/मर्जिंग’ (१९७६) या तीन रेकॉर्ड त्यांनी स्वतःच काढल्या आणि स्वतःच विकल्या. मग गट फुटला. संग्राहकांनी त्या तबकड्या शोधून काढल्यावर अनेक वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला आणि युरोपात वाजवू लागला. ‘लालिबेला’चं ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे. मला ते तसंच आवडतं.

डोरोथी अ‍ॅशबीवर अन्याय वेगळ्या प्रकारचा झाला. अ‍ॅलिसप्रमाणेच तीही डेट्रॉइटची, आणि जॅझमध्ये हार्प तिने अ‍ॅलिसच्या कितीतरी आधी आणली. १९७०च्या ‘द रुबाइयात ऑफ डोरोथी अ‍ॅशबी’मध्ये ती जपानी कोटोही वाजवते. तरी हार्प म्हटलं की नाव अ‍ॅलिसचंच निघतं.

अ‍ॅलिसने पुढे बाजारच सोडला. कॅलिफोर्नियात आश्रम काढला, तुरीयसंगीतानंद हे नाव घेतलं, आणि १९८२च्या ‘तुरीय सिंग्ज’पासून भजनांच्या कॅसेट फक्त आश्रमाच्या मंडळींसाठी निघू लागल्या. लहानपणी बाप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या या बाईच्या संस्कृत भजनाखाली गॉस्पेलचे स्वरसंघ वाहतात. मूळ कॅसेटमधले सिंथेसायझर आणि तंतुवाद्यं मला जड वाटतात. २०२१मध्ये फक्त आवाज आणि ऑर्गन एवढंच ठेवलेली आवृत्ती आली, ती आधी ऐकावी.

आता लंडन. कोलकात्यात जन्मलेला संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचा ऑल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी पाच भारतीय पद्धतीचे आणि पाच जॅझचे असा दुहेरी संच बांधला. ‘इंडो-जॅझ सूट’ (१९६६) आणि पाठोपाठ ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ या त्याच्या रेकॉर्ड. व्याख्या काटेकोर केली तर हे संगीत स्पिरिच्युअल जॅझच्या बाहेर राहील. मी तशी करत नाही. मेयरचं लिखाण कधी कधी फार आखीव होतं. हॅरियट सुटला की जीव येतो. पाठीमागची नावं वाचा: सतारीवर दिवाण मोतिहार, तबल्यावर केशव साठे. तंबोऱ्यावर छापलंय ‘चंद्रहास पैगांका’. शेवटचा ‘र’ छपाईत गळाला असणार, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

साठे मूळचे मुंबईचे. मोतिहार, साठे आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर हे त्रिकूट १९६७मध्ये जर्मनीत फिलिंगेनला ‘जॅझ मीट्स इंडिया’ या रेकॉर्डसाठी स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सरच्या त्रिकुटासमोर बसलं. ‘ब्रिगाख अँड गँजेस’ या रचनेत फिलिंगेनजवळची नदी गंगेशेजारी आणून ठेवली आहे. साठ्यांचा ठेका तिथे ड्रम्सशी भांडत नाही, जागा सोडतो. पुढे ‘मॅजिक कार्पेट’सारख्या लोकसंगीताच्या गटातही ते दिसतात. लंडनमधल्या त्या काळाच्या कितीतरी कव्हरांवर हे एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं, आणि पुण्या-मुंबईच्या मैफलींच्या गप्पांत मी ते क्वचितच ऐकलं आहे.

गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा हाही मुंबईत जन्मलेला, घर गोव्याकडचं. लंडनला गेल्यावर १९६९मध्ये त्याची ‘इंटिग्रेशन’ आली, आणि हॅरियटबरोबर ‘हम दोनो’; देव आनंद आठवला तर आठवू द्या. त्याची गिटार सतारीची नक्कल करत नाही. मींड घेते, पण जॅझच्या स्वरसंघातून निसटत नाही. ‘कोंकण डान्स’ ही रेकॉर्ड त्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वाजवून ठेवली होती, पण ती बाहेर आलीच नाही. १९९६मध्ये तो वारला. सीडी निघाली २००६मध्ये.