बुऱ्हाणपूरचा रुपया : छायाचित्रातला आणि हातातला

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील असीरगडाच्या परिसरातील शेतांत रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन माणसे माती चाळत होती. ‘छावा’ चित्रपटानंतर तेथे मोगलांचे सोने पुरलेले असल्याची वार्ता पसरली होती. अशा बातमीपाठोपाठ ‘असीरगडच्या शेतातले अस्सल नाणे’ अशी जाहिरात मोबाइलवर झळकली, तर तिच्यातील छायाचित्राकडे नीट पाहावे.

असीरगडापासून जवळच असलेल्या बुऱ्हाणपूरला मोगलांची टाकसाळ होती, हे खरेच आहे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला, फारुकी राज्य संपले आणि पुढे जहांगीर, शाहजहान, औरंगजेब यांचे चांदीचे रुपये बुऱ्हाणपुरात पाडले गेले. १६८१ च्या आरंभी मराठा फौजेने लुटलेले बहादूरपुरा याच शहराचे उपनगर.

त्या काळी ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असे. हातोड्याचा घाव बसला की बराच मजकूर चकतीबाहेर जाई. त्यामुळे टाकसाळीचे नाव पूर्ण उमटलेला रुपया महाग, आणि लबाड विक्रेता नेमकी हीच उणीव संगणकावर भरून काढतो. चांदी पारखताना सराफांनी मारलेल्या खुणांमुळे भाव उतरतो, म्हणून त्याही पुसल्या जातात. पुसलेली जागा अकारण गुळगुळीत दिसते किंवा शेजारचाच ओरखडा तेथे पुन्हा उमटलेला आढळतो. अक्षरांच्या सावल्या एकाच दिशेला पडतात की नाही, हेही पाहावे.

सर्वांत उपयोगी कसोटी कडेची. हाताने पाडलेला रुपया सहसा नेमका गोल नसतो. एका बाजूचे छायाचित्र आरशातल्याप्रमाणे उलटे करून दुसऱ्या बाजूवर ठेवले, तर दोन्ही आकार जुळायला हवेत. न जुळल्यास दोन वेगळ्या नाण्यांच्या बाजू एकत्र केल्या आहेत असे समजावे. (गोमंतकीय संग्राहकांच्या परिचयाच्या पोर्तुगीजकालीन रुपियांपैकी यंत्रावर पाडलेल्या, सारख्या गोल नाण्यांना मात्र ही कसोटी लागू पडत नाही.) सालही बोलते. औरंगजेबाच्या रुपयावर एका बाजूस हिजरी १०९२ असेल, तर दुसऱ्या बाजूचे राज्यवर्ष २४ किंवा २५ असावे. तेथे ३० दिसले, तर शंका घ्यावी.

पैसे पाठवण्यापूर्वी नाणे बोटांत धरून उजेडात तिरपे फिरवल्याचे चित्रीकरण आणि काट्यावरचे वजन मागावे. मोगल रुपया साधारण ११.४ ग्रॅमचा, झिजलेला थोडा कमी भरतो. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तेथेच सोडावा. निर्दोष छायाचित्र म्हणजे अस्सल नाणे, असेही नाही. ओतीव नकलेचेही सुरेख छायाचित्र निघते.

‘शेतात सापडले’ ही कथा खरी निघाली, तरी ग्राहकाची सुटका नाही. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तर शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांच्या व्यापाराला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवाना लागतो. तो विक्रेत्याकडे आधीच मागावा. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.