नर्सबाई परदेशी निघाल्या, पण कागद तयार आहेत का?

"डाक्टरसाहेब, पोरगी जर्मनीले जातो म्हन्ते. एजंट चार लाख मांगते. धानाची एक बांधी गहान ठेवू का?"

सानगडीच्या एका शेतकऱ्याने गेल्या महिन्यात मला हा प्रश्न विचारला. त्यांची मुलगी जीएनएम झालेली असून दीड वर्षापासून नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात नोकरी करते. एजंटने तिला एक रंगीत पत्रक दिले होते. त्यावर पगाराचा आकडा ठळक होता, पण एजंटचा परवाना क्रमांक कुठेच नव्हता. अशी पत्रके हल्ली गावोगावी फिरतात, म्हणून या आठवड्यात रोगाऐवजी या विषयावर लिहीत आहे.

वाचकहो, पहिली गोष्ट ही की, आपल्याकडील नर्सिंगची पदवी वा पदविका परदेशात आपोआप चालत नाही. तिथल्या कायद्याच्या दृष्टीने आपली मुलगी 'बाहेरच्या देशात शिकलेली परिचारिका' असते. तिचे शिक्षण तपासून त्या देशाची नोंदणी मिळाल्याशिवाय तिला परिचारिका म्हणून काम करता येत नाही. यात अपमान मानण्यासारखे काही नाही. समजा, डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅम औषध द्यायला सांगितले आणि कुपीत २ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आहे. किती मिलिलिटर द्यायचे? उत्तर ३. इथे चूक झाली तर रोगी दगावू शकतो. ब्रिटनच्या परीक्षेत अशा हिशेबांचा स्वतंत्र भागच आहे.

आपल्या भागात एएनएम केलेल्या मुली पुष्कळ आहेत. त्यांना स्पष्ट सांगायला हवे. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यावर ब्रिटन, अमेरिका किंवा जर्मनीत परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही. त्यासाठी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग लागते. "एएनएमवर लंडनला पाठवतो" असे कोणी म्हणाले तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. तिथे नेऊन वृद्धांच्या सेवेचे मदतनीसाचे काम दिले जाण्याची शक्यता असते. त्या कामात कमीपणा काहीच नाही, पण ते काय आहे हे निघण्यापूर्वी कळले पाहिजे.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण खरी अडचण तिथेच येते. मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी लागते. ही नोंदणी निर्दोष असल्याचा दाखला, म्हणजे गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, कौन्सिलकडून घ्यावा लागतो. शिकवणीचे आणि वॉर्डातील प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारा उतारा संस्थेकडून मिळवावा लागतो. कॉलेज बंद पडले असेल तर हा उतारा मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून शिक्षण संपताच तो मागून ठेवावा, परदेशी जायचे नसले तरीही.

आणि नाव! आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. लग्नानंतर वडिलांचे नाव व आडनाव दोन्ही बदलतात आणि काही घरांत तर मुलीचे पाळण्यातले नावही बदलतात. पासपोर्टवर एक नाव, नर्सिंगच्या नोंदणीवर दुसरे आणि अनुभवाच्या दाखल्यावर तिसरे. परदेशातल्या कारकुनाला या तीन वेगळ्या बाया वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि गरज पडल्यास राजपत्रातील नावबदलाची नोंद जवळ असावी. सासरच्या मंडळींनी सुनेचे नाव बदलण्याआधी तिच्या प्रमाणपत्रांचाही विचार करावा, असे मला फार वाटते.

देशागणिक अटी वेगळ्या आहेत. ब्रिटनला आयईएल्टीएस परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात, किंवा ओईटी ही पर्यायी परीक्षा चालते. त्यानंतर संगणकावरची परीक्षा भारतात देता येते, पण दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच होते. अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि पुढे भारतीयांसाठी कायम वास्तव्याच्या व्हिसाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. आखाती देशांत डेटाफ्लो नावाच्या यंत्रणेमार्फत प्रमाणपत्रे थेट संस्थेकडून पडताळली जातात. म्हणजे खोटा अनुभवाचा दाखला तिथे टिकत नाही.

जर्मनीत इंग्रजी पुरत नाही. जर्मन भाषेची बी-२ पातळी गाठावी लागते, आणि रोज अभ्यास केला तरी त्याला वर्षभर लागते. शिक्षणात तफावत निघाली तर तिथे पुरवणी प्रशिक्षण किंवा परीक्षा असते, आणि तोवर मदतनीसाच्या पगारावर काम करावे लागते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. सानगडीच्या त्या पत्रकात या कराराचाच उल्लेख होता. पण सरकारी करार म्हणजे खासगी एजंटला चार लाख घेण्याचा परवाना नव्हे.

पैशाचा नियम सोपा आहे. परवानाधारक भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. परवाना खरा की खोटा हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. ब्रिटनच्या भरती नियमावलीत तर उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेण्यास मनाईच आहे. परीक्षा, भाषेची शिकवणी आणि कागदपत्रांचा खर्च मात्र वेगळा धरावा.

केरळात २०१५ साली एक प्रकरण गाजले. कोचीच्या एका एजन्सीने कुवेतसाठी साडेएकोणीस हजारांच्या जागी प्रत्येक नर्सकडून साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप सीबीआयने ठेवला. एक शून्य नव्हे, दोन शून्यांचा फरक! त्याच वर्षी आखाती देशांसह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना सरकारी परवानगी सक्तीची करण्यात आली. तेव्हा पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे नोकरी मिळेल, या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

त्या शेतकऱ्याला मी बांधी गहाण ठेवू नका, असे सांगितले. मुलीचे कागद एका पिशवीत भरून ते पुन्हा आले. गुणपत्रिका, नोंदणी सारे ठीक निघाले, फक्त पासपोर्टवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग चुकले होते. मुलीने गुड स्टँडिंगचा अर्ज मुंबईला पाठवला असून नागपुरात संध्याकाळच्या जर्मन वर्गाला नाव घातले आहे. पासपोर्टच्या दुरुस्तीसाठी तेवढ्या चकरा शिल्लक आहेत.