दामाजीपंत, रोजगार हमी आणि अडीच हजारांची मर्यादा

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. धान्य त्यांच्या मालकीचं नव्हतं आणि त्यांनी परवानगीही घेतली नव्हती. तरी त्यांना कुणी चोर म्हणत नाही. पण कथेचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे: विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरला बादशहाकडे जातो आणि धान्याचे पैसे चुकते करतो. भुकेल्याला मिळालंच पाहिजे हे समाजाला पटलं होतं, आणि ज्याचं घेतलं त्याचं बुडू नये, हेही. हा पेच सोडवायला देवालाच यावं लागलं.

1972च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने तो कायद्याने सोडवला. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पैशाचा मोठा भाग आला तो नोकरदार आणि व्यावसायिकांवरच्या 1975च्या व्यवसाय करातून. शहरातल्या पगारातून कापलेला पैसा खेड्यात बांधबंदिस्तीच्या, पाझर तलावाच्या कामावर मजुरी होऊन पोचला. कुणाच्या दयेवर न राहता मजुराला तो हक्काने मागता आला, हे मला या योजनेचं सर्वांत मोठं यश वाटतं.

‘आमच्या घामाचा पैसा दुसऱ्याला का?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा शहापूर तालुक्यात जावं. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं तिथे आहेत, आणि तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहराच्या कमाईत खेड्याचं पाणी आहे, माणसं आहेत. त्यातला वाटा परत जाणं याला मी हिसकावणं म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. राज्यघटनेच्या 276व्या कलमाने व्यवसाय कर माणशी वर्षाला 2,500 रुपयांवर अडवून ठेवला आहे, तोही 1988पासून. म्हणून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300. महिना 30 हजार कमावणाऱ्या कारकुनालाही तेवढेच, 30 लाख घेणाऱ्या संचालकालाही तेवढेच. गरिबासाठी श्रीमंताकडून घेतो म्हणायचं आणि भार मात्र मधल्या माणसावर टाकायचा, हे अन्यायाचं आहे. घटनादुरुस्ती करून ही मर्यादा उत्पन्नाशी जोडायला हवी, आणि ही मागणी करणाऱ्यांत व्यवसाय कर भरणारे नोकरदार सर्वांत पुढे असायला हवेत.